खाणकामगाराने उभे केलेले दफ्तर

ज्या समाजाची नोंद दोन-अडीच शतके केवळ खरेदीखतांत, वारसांच्या वाटणीच्या याद्यांत आणि फरारी गुलामांच्या जाहिरातींत झाली, तो समाज आपला इतिहास लिहावयास बसतो तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न पुराव्याचा उभा राहतो. कारण मालकाच्या वहीत गुलामाचे वय सापडते, किंमत सापडते, क्वचित नावही सापडते, परंतु त्याचे मनोगत सापडत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हा पुरावा जमविण्यास ज्यांनी आपली सारी हयात वाहिली, त्या डॉ. कार्टर वुडसन यांचे स्मरण दर फेब्रुवारीत त्या देशात होते, ते बहुधा एका उत्सवाचे जनक म्हणून. मला हा परिचय अपुरा वाटतो. उत्सव त्यांनी आरंभिला हे खरे. परंतु तो दफ्तराचा पाया घातल्यानंतर अकरा वर्षांनी.

वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन या खेड्यात झाला. त्यांचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. योगायोग असा की, त्यापूर्वी दोनच वर्षे, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. आणि ज्या मुक्तीचा गौरव पुण्यात होत होता, तिच्या छायेत वाढणाऱ्या या मुलाला मात्र शेतीच्या कामामुळे शाळा वर्षातून थोडेच महिने मिळत होती. वयात येताच तो वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरीस लागला.

त्या खाणवस्तीत ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. यादवी युद्धात सैन्याबरोबर राहिलेल्या या माणसाने आपल्या घरातच खाणकामगारांसाठी उपाहारगृह उघडले होते. स्वतः निरक्षर असूनही ते वर्तमानपत्रे आणि आपल्या लोकांच्या पराक्रमाची पुस्तके विकत घेत, आणि तरुण वुडसनला वाचता येते असे कळताच त्यांनी त्याला फळे आणि आइस्क्रीम यांच्या मोबदल्यात मोठ्याने वाचून दाखविण्याच्या कामी नेमले. दिवसभर कोळसा फोडून आलेली माणसे ऐकत बसत. त्यांत लढाई पाहिलेले होते, गुलामी भोगलेले होते, आणि वाचन थांबले की त्यांची चर्चा सुरू होई. पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठाने वुडसन यांना संशोधनाची शिस्त दिली असेल. परंतु निरक्षर माणूस इतिहासशून्य नसतो ही श्रद्धा त्यांना या घरात लाभली, असे त्यांच्या एकंदर कार्याकडे पाहता मला निश्चितपणे वाटते.

विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत प्रवेश, मग बेरिया महाविद्यालय, फिलिपाइन्समध्ये शिक्षकाची नोकरी, शिकागो विद्यापीठाच्या पदव्या, आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. हार्वर्डची ही पदवी मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिले ड्यू बॉइस. तथापि त्या काळच्या विद्वत्परिषदांत गुलामगिरीचे वर्णन मालकांच्या दयाळू पालकत्वाच्या स्वरूपात करणारी मते प्रतिष्ठित होती, आणि १९१५ साली निघालेल्या 'बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने तर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला वीरपदावर बसविले. त्याच वर्षी, ९ सप्टेंबर रोजी, वुडसन यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह शिकागोत नीग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली आणि जानेवारी १९१६ मध्ये तिचे त्रैमासिक काढले.

त्या संस्थेच्या कामाचे स्वरूप जाणून घेण्यासारखे आहे. १८३० सालच्या खानेसुमारीची पाने चाळून स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावे उतरवून घेण्यात आली व १९२५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामागोमाग १९२६ साली १८०० ते १८६० या काळात कृष्णवर्णीयांनी लिहिलेल्या पत्रांचा मोठा संग्रह निघाला. मालकाच्या वहीत जे मनोगत सापडत नव्हते, ते येथे त्यांच्याच अक्षरांत हाती आले.

त्याच १९२६ च्या फेब्रुवारीत वुडसन यांनी 'नीग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा जन्मदिवस १२ तारखेचा. गुलामीत जन्मल्यामुळे आपली जन्मतिथीच ठाऊक नसलेल्या फ्रेडरिक डग्लस या मुक्तिचळवळीतील नेत्यांचा पाळला जाई १४ तारखेला. आणि हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासून साजरे करीत असल्यामुळे आठवडाही तोच ठरला. शाळांना चित्रे, पाठांचे आराखडे आणि रंगमंचावर करावयाची नाटुकली संस्थेकडून मिळत. उत्सवाला वाचनाची बैठक असावी हा त्यांचा आग्रह होता.

हे साहित्य वर्गात नेणे मात्र सर्वत्र निर्धोक नव्हते. लुइझियाना राज्यातील एक तरुण शिक्षिका १९३० नंतरच्या दशकात टेबलावर सरकारमान्य पुस्तक उघडे ठेवी आणि मांडीवरच्या वुडसन यांच्या पुस्तकातून वाचून दाखवी. मुख्याध्यापक दारात आले की नजर टेबलावरील पानाकडे वळे. धनिकांच्या निधींनी हात आखडता घेतल्यावर संस्था तगली ती अशाच शिक्षकांच्या आणि चर्चमंडळींच्या लहानसहान वर्गण्यांवर. लोरेन्झो ग्रीन हे तरुण इतिहासकार १९३० साली विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, मोटारीतून गावोगाव हिंडत संस्थेची पुस्तके विकत होते. शिक्षकांसाठी १९३७ साली काढलेल्या पत्रिकेचे काम वुडसन यांनी ३ एप्रिल १९५० रोजी वॉशिंग्टनमध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही.

१९७६ साली सप्ताहाचा महिना झाला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली. वुडसन यांची अपेक्षा वेगळी होती: हा इतिहास वर्षभराच्या अभ्यासक्रमात असा मिसळून जावा की स्वतंत्र सप्ताहाची गरजच पडू नये. म्हणून १९७६ च्या मान्यतेपेक्षा मला १९४२ साली शिकागोत घडलेली गोष्ट अधिक मोलाची वाटते. मॅडेलिन मॉर्गन या कृष्णवर्णीय शिक्षिकेने आपल्या लोकांच्या इतिहासाचे पाठ सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमासाठी सिद्ध केले, आणि त्या शहराच्या शाळाखात्याने ते आपल्या सार्वजनिक शाळांसाठी स्वीकारले.