वर्गातील सादरीकरण आणि कालरेषेची मांडणी

पदव्युत्तर वर्गातील सादरीकरणात दृक्साधनांचा वापर आता रूढ झाला आहे. तथापि बहुधा लेखी निबंधातील परिच्छेदच पडद्यावर उतरलेले आढळतात. श्रोते ते वाचू लागतात आणि वक्त्याकडील त्यांचे लक्ष उडते. दृक्साधन म्हणजे निबंधाची संक्षिप्त प्रत नव्हे. जे संबंध शब्दांनी क्रमाक्रमाने सांगावे लागतात, ते एका दृष्टिक्षेपात दाखविणे हे त्याचे कार्य होय. हे कार्य कसे साधते आणि कोठे बिघडते, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासात नित्य लागणाऱ्या कालरेषेच्या आधारे पाहता येईल.

'एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य' या विषयासाठी विद्यार्थ्याने सहा नोंदी निवडल्या, असे समजू : 'दर्पण' (१८३२), 'यमुनापर्यटन' (१८५७), 'गुलामगिरी' (१८७३), 'निबंधमाला' (१८७४), 'केसरी' (१८८१) आणि 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२). या नोंदी सारख्या अंतरावर मांडल्या की चित्र नीटनेटके दिसते. परंतु पहिल्या दोहोंमधील पंचवीस वर्षे आणि शेवटच्या दोहोंमधील एक वर्ष सारखेच भासते. याउलट दोन वर्षांस एक सेंटिमीटर हे प्रमाण धरून पंचवीस सेंटिमीटरची रेषा आखली, तर अनुक्रमे साडेबारा, आठ, अर्धा, साडेतीन आणि अर्धा सेंटिमीटर अशी अंतरे पडतात. निवडलेल्या सहांपैकी चार नोंदी रेषेच्या अखेरच्या साडेचार सेंटिमीटरांत एकवटलेल्या दिसतात. ही दाटी कशामुळे, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आपोआप उभा राहतो आणि विवेचनाला तेथूनच आरंभ करता येतो.

अर्थात ही दाटी काही अंशी निवडीचेही फलित असते. याच रेषेतून जोतीराव फुले आणि ताराबाई शिंदे यांचे ग्रंथ वगळले, तर त्या दशकातील गद्य प्रामुख्याने चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परंपरेतून घडले, असा निष्कर्ष एकही वाक्य न लिहिता सूचित होतो. लेखी विधानाला वाचक आधार मागतो; रेषेला सहसा मागत नाही. म्हणून निवडीचा निकष चित्राखाली एका ओळीत नोंदविणे हा संशोधनशिस्तीचा भाग ठरतो.

अनिश्चिततेचे चित्रण हा आणखी एक कळीचा मुद्दा आहे. 'ज्ञानेश्वरी'चा शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा काल ग्रंथातच नोंदलेला असल्याने तेथे बिंदू योग्य होय. 'लीळाचरित्रा'च्या रचनाकालाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. तेथे बिंदूऐवजी फिकट पट्टा आखावा. दोन्ही ठिकाणी सारखाच बिंदू दिल्यास वादग्रस्त काल निर्विवाद ठरतो.

स्पष्टतेच्या दृष्टीने देवनागरीची प्रकृतीही ध्यानात घ्यावी लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत पुरेसे अंतर न ठेवल्यास ही चिन्हे एकमेकांत मिसळतात. जोडाक्षरे लहान आकारात दुरून उलगडत नाहीत. म्हणून एका पडद्यावर अक्षरे मोठी आणि शब्द मोजकेच असावेत. भेद केवळ रंगांनी दाखवू नये. काहींना तांबडा-हिरवा भेद जाणवत नाही. त्याच्या जोडीला रेषेचा प्रकार वा आकृती बदलावी.

मार्गदर्शकाने तयार नमुना पुरविण्यापेक्षा विद्यार्थ्याकडून आधी एक पूर्ण विधान लिहवून घेणे अधिक उपयुक्त ठरते. 'मराठी गद्याचा विकास' हा केवळ मथळा आहे. '१८७० नंतर मराठी गद्य वादाचे साधन बनले' हे विधान आहे. विधान हाती असले की कोणती नोंद ठेवावी व कोणती गाळावी, याचा निर्णय सकारण घेता येतो. चित्र कागदावर पेन्सिलीने काढून सहाध्यायाला काही न सांगता दाखवावे आणि त्याला त्यातून काय उमगले, ते विचारावे. त्याचे उत्तर मूळ विधानाशी जुळले नाही, तर रंगसंगती बदलून भागत नाही. मांडणीचाच, आणि प्रसंगी विधानाचाही, पुनर्विचार करावा लागतो. या अर्थाने दृक्साधनाची सिद्धता ही संशोधनाची सजावट नसून त्याची एक कसोटी होय.