देशाने दिलेला शब्द

११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अबू सालेमच्या अपिलावर निकाल दिला. जन्मठेप कायम राहिली. मात्र पंचवीस वर्षं पूर्ण झाली की त्याच्या सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला द्यायला केंद्र सरकार बांधील आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा आमच्या मौद्यात चहाच्या टपरीवरही एकच प्रश्न होता. बॉम्बस्फोट मुंबईत झाले, माणसं मुंबईत मेली, खटला मुंबईत चालला. मग शिक्षा किती वर्षांची, हे पोर्तुगालला विचारून का ठरवायचं?

प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचं उत्तर शेवटी 'शब्द' या गोष्टीपाशी येऊन थांबतं, आणि तिच्याशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून बोलायचं धाडस करतो.

१२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यातला आरोपी सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे पकडला गेला. आपण त्याला मागितलं. एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणं, याला कायद्यात प्रत्यार्पण म्हणतात. दोन्ही देशांत तेव्हा तसा करार नव्हता. शिवाय पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच बंद केली होती, जन्मठेप १८८४ मध्ये. तिथे जास्तीत जास्त शिक्षा पंचवीस वर्षांची. जिथे फाशी होईल तिथे माणूस द्यायचा नाही, आणि जन्मठेप होणार असेल तर आधी हमी घ्यायची, हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे.

ही अडवणूक फक्त पोर्तुगालची नाही. १९८९ साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे सोअरिंग नावाचा खटला आला. एका जर्मन तरुणावर अमेरिकेत दोन खुनांचा आरोप होता आणि तो इंग्लंडच्या ताब्यात होता. त्याला फाशीची वाट पाहत वर्षानुवर्षं कोठडीत ठेवलं जाणार असेल, तर त्याला पाठवणारं इंग्लंडही त्या छळाला जबाबदार ठरेल, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे फाशी मागणार नाही अशी हमी मिळाल्यावरच त्याला पाठवण्यात आलं. युरोपातल्या प्रत्यार्पणाच्या वादांत हा निकाल आजही पायासारखा आहे.

भारतानेही मग हमी दिली. डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी कळवलं, की सालेमला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवलं जाणार नाही. त्या भरवशावर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. ही हमी नसती तर तो आलाच नसता. मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला नसता, दोषी ठरला नसता.

शब्द देणं एक आणि पाळणं दुसरं. प्रत्यार्पणाचा आणखी एक नियम असा, की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस आणला त्याच गुन्ह्यांचा खटला चालवायचा. आपल्याकडे काही जादा आरोप लावले गेले. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने अटी मोडल्या म्हणून प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नव्हता. तरीही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरोप मागे घेण्याची सीबीआयला मुभा दिली. पुढे २०२२ मध्ये सीबीआयने म्हटलं, की हमी सरकारची आहे, न्यायालयाची नाही. त्यातही तथ्य होतं. न्यायाधीशाने किती शिक्षा द्यावी, हे मंत्री ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू राखल्या: शिक्षा न्यायालयाची, शब्द पाळण्याची जबाबदारी सरकारची. पंचवीस वर्षं २००५ पासून मोजायची.

मला टोचणारी गोष्ट पुढे आहे. याच स्फोटांच्या खटल्यात याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी आमच्या नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी झाली. ७ सप्टेंबर २०१७ रोजी विशेष टाडा न्यायालयाने एकाच दिवशी दोघांना फाशी आणि सालेमला जन्मठेप सुनावली. एकाच कटातल्या माणसांचं मरण-जगणं कोण कुठे पकडला गेला यावर ठरावं? ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना याचं उत्तर कसं द्यायचं? कायद्याची पोथी इथे कमी पडते, हे मान्य केलं पाहिजे.

तरी शब्द मोडावा असं मी म्हणणार नाही. कारण हा शब्द सालेमला दिलेला नाही. तो एका देशाने दुसऱ्या देशाला दिला आहे, आणि बाकीचे देश ते पाहत आहेत. विजय मल्ल्याच्या खटल्यात २०१८ साली लंडनच्या न्यायालयाने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबरच्या बराकीचं चित्रीकरण मागवलं होतं. मेहुल चोक्सीसाठी २०२५ मध्ये आपण बेल्जियमला त्याच बराकीची हमी दिली. माणसामागे किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा, इथपर्यंत तपशील दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने त्याच्या प्रत्यार्पणाला मान्यता दिली. एकदा दिलेली हमी आपण झुगारली, तर पुढच्या हमीवर कुठला न्यायाधीश विश्वास ठेवील? उद्याचा फरारी लिस्बनमध्ये नाही तर आणखी कुठे निवांत बसेल, आणि त्याचा खटला आपल्याकडे उभाच राहणार नाही.

आमच्या घरी बोलताना 'जबान दी' म्हणतात, बाजारात 'शब्द दिला' म्हणतात. धानाचा सौदा तोंडी ठरला आणि दुसऱ्या दिवशी भाव चढला, तरी ठरल्या भावाने माल देणारा शेतकरी मौद्यात आजही आहे. त्यात त्याचं नुकसान होतं. पण पुढच्या हंगामात व्यापारी त्याच्याच दारी येतो. देशाचा व्यवहार याहून मोठा असला, तरी वेगळा नाही.

२०३० साल आता लांब नाही. पंचवीस वर्षं भरतील तेव्हा संताप होईल, आणि तो खोटा नसेल. त्या २५७ घरांचं दुःख कुठल्याही मुदतीत बसणारं नाही. पण सरकारने मुदत पाळली, तर ती सालेमवर दया केली म्हणून नव्हे. देशाने कागदावर सही केली होती, म्हणून.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)