उत्सवाचे यजमानपद : तलकाड ते मानसगंगोत्री

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी तलकाड हे गाव वसलेले आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. पुढे ती चोळांकडे गेली आणि बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात होयसळ विष्णुवर्धनाने ती जिंकून तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. या जुन्या नगरीचा बराच भाग आज वाळूखाली आहे, आणि काही देवळांकडे वाळूच्या टेकाडांतून खाली उतरून जावे लागते.

याच गावी काही वर्षांच्या अंतराने ‘पंचलिंग दर्शन’ हा उत्सव भरतो. कार्तिकातील अमावास्या, सोमवार आणि ठराविक नक्षत्र यांचा योग जुळून यावा लागतो. २००६, २००९, २०१३ आणि २०२० ही त्याची अलीकडील वर्षे पाहिली, तर मधले अंतर तीन, चार आणि सात वर्षांचे भरते. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मल्लिकार्जुन या पाच शिवस्थानांचे दर्शन यात्रेकरू घेतात. त्यापूर्वी देवळांभोवती साचलेली वाळू उपसावी लागते. म्हणजे उत्सवाची वेळ पंचांग ठरवते. परंतु तो घडवून आणण्यासाठी माणसांना आधी हातात फावडे घ्यावे लागते.

विद्यापीठांच्या आवारात होणाऱ्या उत्सवांचा विचार करताना तलकाडपासून आरंभ करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर एका आख्यायिकेत आहे. १६१० साली राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा आपले दागिने घेऊन तलकाडच्या परिसरात आली. दागिन्यांसाठी शिपाई मागे लागताच तिने कावेरीत उडी घेतली. आणि जाताना तिने तीन शाप दिले, असे लोक सांगतात : तलकाडची वाळू होवो, समोरच्या मालंगीला नदीत डोह पडो, आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो. वाळूची कारणे अभ्यासक वेगळी देतात. नदीचे वळण, वरच्या अंगाला विजयनगरकाळात घातलेला बंधारा आणि त्यामुळे उघड्या पडलेल्या पात्रातून वाऱ्याने वाहून आणलेले वाळूचे लोट यांच्याकडे ते बोट दाखवतात. परंतु कथेचे सामर्थ्य कार्यकारणभावात नसते. अलमेलम्मेची पूजा म्हैसूरच्या राजवाड्यात होत आली आहे, ही गोष्ट त्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.

ज्या १६१० साली हा शाप दिला गेला असे मानतात, त्याच साली राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टणात नवरात्रोत्सवाला राजाश्रय दिला. विजयनगरचा महानवमी उत्सव अशा रीतीने नव्या यजमानाकडे आला. १७९९ नंतर राजधानीबरोबर तो म्हैसूरला गेला. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली रद्द झाले, आणि त्याच सुमारास हा उत्सव राज्य शासनाच्या हाती येऊन ‘नाडहब्ब’, म्हणजे राज्याचा उत्सव, झाला. सोन्याच्या अंबारीत राजाच्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान झाली. मिरवणूक मात्र पूर्वीप्रमाणेच बन्नीमंटपाकडे जाते. बन्नी म्हणजे आपली शमी. मराठी वाचकाला येथे सीमोल्लंघनाची आणि गावच्या वेशीबाहेर जाऊन केलेल्या शमीपूजनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सण तोच, वृक्ष तोच; यजमान मात्र बदलत गेला.

या यजमानांच्या मालिकेत आता विद्यापीठाचाही समावेश करावा लागतो. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत झाली. त्याच्या विस्तीर्ण परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव कुलगुरू असलेल्या कवी कुवेंपूंनी दिले. तेथील उघड्या रंगमंदिरात दसऱ्याच्या आधी अनेक वर्षे ‘युवा संभ्रम’ भरत आला आहे. ‘संभ्रम’ या शब्दाने मराठी वाचकाने गोंधळून जाऊ नये. मराठीत त्याचा अर्थ गोंधळ असा होत असला, तरी कन्नडमध्ये तो आनंद आणि जल्लोष दर्शवतो. राज्यातील निरनिराळ्या महाविद्यालयांचे चमू येथे एखादा विषय घेऊन नृत्य-नाट्य सादर करतात. रंगमंचावर विद्यार्थी असतात आणि समोर बसलेल्यांतही विद्यार्थ्यांचाच भरणा असतो.

याच दसऱ्यात ‘युवा दसरा’ नावाचा दुसरा कार्यक्रमही असतो. तो अनेक वर्षे महाराजा कॉलेजच्या मैदानावर होत असे. २०२४ साली तो शहराबाहेर उत्तनहळ्ळीजवळ नेण्यात आला. तेथे चित्रपटसृष्टीतील नामवंत गायक-संगीतकार येतात आणि अफाट गर्दी लोटते. लोकरंजन म्हणून त्यात गैर काहीच नाही. परंतु दोन्ही कार्यक्रमांच्या नावांत ‘युवा’ हा एकच शब्द असला, तरी त्यांची घडण भिन्न आहे. एकात तरुण यजमान आहे. दुसऱ्यात तो पाहुणा, किंबहुना ग्राहक आहे.

हा भेद केवळ म्हैसूरपुरता नाही. स्वतंत्र भारतात १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव भरला. निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थ्यांनी एकमेकांची गाणी-नाटके पाहावी, एकत्र राहावे, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाची परंपरा याहून जुनी आहे. वर्गातील गंभीर प्राध्यापकांनाही निमूटपणे ऐकून घ्यावे लागणारे ‘फिशपाँड’ हा तिचा खास मराठी अलंकार. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने तर एकांकिका हा महाविद्यालयांचा वार्षिक ध्यासच करून टाकला. तालमीसाठी रिकामा वर्ग मिळवणे, पडदे शिवून घेणे, प्रकाशयोजनेची जुळवाजुळव करणे, ही कामे करता करता विद्यार्थ्याला जे शिक्षण मिळते, त्याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. ज्याला रंगमंचावर जागा मिळत नाही, तोही या कष्टांमुळे त्या प्रयोगाचा धनी होतो.

विद्यापीठात या कष्टांना विशेष अर्थ आहे. गावाचा उत्सव पिढीजात असतो. आजोबांनी वाळू उपसली, म्हणून नातू उपसतो. विद्यापीठाच्या समाजाला अशी वंशपरंपरा नाही. दोन-तीन वर्षांत जुनी तुकडी निघून जाते, आणि वसतिगृहाच्या त्याच खोल्यांत परभाषी, परप्रांतीय, एकमेकांना अपरिचित अशी मुले येऊन राहतात. येथे अलमेलम्मेचा तिसरा शाप आठवतो. म्हैसूरच्या गादीवर वारस अनेकदा दत्तक किंवा पुतण्याच्या रूपाने आले. १८६५ साली मुम्मडी कृष्णराजांनी चामराजेंद्रांना दत्तक घेतले. १९४० साली नाल्वडी कृष्णराजांमागे पुतणे जयचामराजेंद्र आले. २०१५ साली पुन्हा दत्तकविधान झाले. तरीही परंपरा खंडित झाली नाही. ज्या निपुत्रिक राजाच्या काळात हे विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या संस्थेची रीतही तीच आहे : दरवर्षी दुसऱ्यांची मुले आपली म्हणून स्वीकारणे. प्रवेशाचा अर्ज आणि शुल्काची पावती यांनी हा स्वीकार कागदावर होतो. तो मनात उतरतो, तो एखाद्या रात्री उशिरापर्यंत चाललेल्या तालमीत, किंवा भाषा न कळणाऱ्या सोबत्याबरोबर मांडव सजवताना.

म्हणून विद्यापीठीय उत्सवाचे मोल गर्दीवर, खर्चावर किंवा पाहुण्यांच्या कीर्तीवर ठरवणे योग्य होणार नाही. तयारीत किती हात लागले, त्यांत नव्याने आलेल्यांचे किती होते, आणि पुढच्या वर्षी हे काम कोण करील याची सोय कोणी केली, हे प्रश्न विचारले पाहिजेत. पैसे मोजून उत्सव तयार आणता येतो. परंतु त्यामुळे कोणी कोणाचे आप्त होत नाही.

२०२० साली महामारीमुळे तलकाडच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. तरीही उत्सव झाला, आणि असंख्य लोकांनी घरी बसून तो पडद्यावर पाहिला. पाहणारे दूर राहिले, तरी उत्सव होऊ शकतो, हे त्या वर्षी दिसले. वाळू उपसणारे हात मात्र तेथे असावेच लागतात. आणि हे विद्यापीठाच्या अंगणालाही तितकेच लागू आहे.