वन्यप्राणी आणि कॅमेरा-सापळ्याची योग्य जुळणी

सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्याच्या परिसरात, गोळावली येथे, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे कारण विषबाधा हे होते, आणि त्यामागे गुरे मारली गेल्याची पार्श्वभूमी होती. गावाच्या सीमेवर कोणते जनावर, किती वाजता व किती पिलांसह फिरते, हे वेळीच कळल्यास गुरे सुरक्षित ठेवता येतात व अशा अनर्थास आळा बसतो. कॅमेरा-सापळा हे त्याचे साधन होय. मात्र त्याची जुळणी प्राण्यानुसार करावी लागते.

ह्या यंत्रातील संवेदक केवळ हालचाल टिपत नाही. प्राण्याचे शरीर व सभोवार यांच्या उष्णतेतील फरक सरकू लागला, की तो जागा होतो. म्हणूनच चैत्र-वैशाखाच्या दुपारी, जमीन व दगड तापले असता, त्याची संवेदनशीलता वाढवावी लागते. उलटपक्षी, उन्हात डोलणाऱ्या गवतामुळे रिकामी छायाचित्रे येऊ लागल्यास समोरचे गवत काढावे व संवेदनशीलता एक पायरी कमी करावी. कॅमेऱ्याचे तोंड पूर्व-पश्चिमेस ठेवू नये.

वाघ व बिबटा यांच्यासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंस, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकेक कॅमेरा बांधावा. दोन्ही कुशींवरील पट्टे व ठिपके भिन्न असल्याने ओळख पटविण्यास दोन्ही बाजूंची छायाचित्रे आवश्यक ठरतात. एका चाहुलीस तीन छायाचित्रे घ्यावीत व मधला विराम शक्य तितका अल्प ठेवावा. अन्यथा आईमागून येणारे बछडे नोंदीतून सुटतात.

पाणवठ्यावरील गव्यांचा कळप बराच वेळ रेंगाळतो. तेथे अर्ध्या ते एका मिनिटाचा विराम ठेवावा, नाही तर साठवण-पट्टी एकाच रात्रीत भरून जाण्याचा संभव असतो. साळिंदर, उदमांजर व पिसोरी यांच्याकरिता कॅमेरा वीतभर उंचीवर आणि दोन मीटरांच्या आत असावा व संवेदनशीलता अधिक ठेवावी. सर्पादी शीत रक्ताचे प्राणी संवेदकास सहसा जाणवत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्र घेण्याची योजना करणे इष्ट.

सन २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. निरुपयोगी छायाचित्रांचा भार कमी होणे किती महत्त्वाचे आहे, हे ह्यावरून ध्यानी येईल.

जुळणी झाल्यावर कार्यकर्त्याने स्वतः वाटेवरून वाकून चालून पाहावे, व यंत्रातील तारीख-वेळ तपासावी. ग्रामस्थांनी यंत्रास हात लावू नये, तसेच शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्याचा हेतू समजावून सांगावा. वेळेवर मिळालेले एक स्पष्ट छायाचित्र गोठ्यातील गाय आणि रानातील वाघ, दोहोंचेही रक्षण करू शकते.