नोकरी, लस आणि मालकाचा हुकूम

आपल्या दुकानात किंवा कारखान्यात माणूस ठेवताना आपण काय पाहतो? हाताला हुन्नर आहे का, जबान साफ आहे का, गल्ल्यावर बसवला तर इमानदार राहील का. 'अमुक सुई टोचून घे, नाही तर उद्यापासून कामावर येऊ नकोस,' असे नोकराला सांगण्याची पाळी आपल्यापैकी बहुतेकांवर कधी आली नव्हती. २०२० साली सुरू झालेल्या कोरोनाच्या साथीने ती पाळीही आणली. साथ सरली, पण तिने उभा केलेला सवाल सरलेला नाही. नोकराच्या शरीराशी संबंध असलेली अट घालण्याचा मालकाला किती हक्क आहे? आणि अशा अटीपायी एखाद्याची रोजी गेली तर तो इन्साफ म्हणायचा की जुलूम?

या सवालावर अमेरिकेत मोठी लढाई झाली. धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घेण्यासारखी आहे.

ह्यूस्टनचा किस्सा

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात 'ह्यूस्टन मेथडिस्ट' नावाची अनेक इस्पितळे चालवणारी संस्था आहे. ती नफा न वाटणारी संस्था आहे. म्हणजे खर्च वजा जाता जे उरते ते कोणा भागीदाराच्या खिशात जात नाही, संस्थेच्याच कामाला लागते. २०२१ साली तिच्याकडे सुमारे २६ हजार कर्मचारी होते.

संस्थेने सुरुवातीला गोडीगुलाबीने घेतले. लस घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना ५०० डॉलरची बक्षिसी देऊ केली. नंतर वसंत ऋतूत हुकूम काढला की प्रत्येकाने लस घेतलीच पाहिजे. यात एक गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हुकूम आधी वरच्या साहेबलोकांना लागू झाला. व्यवस्थापकांना एप्रिलच्या मध्यापर्यंतची मुदत मिळाली, बाकीच्यांना ७ जूनपर्यंतची. ज्यांना वैद्यकीय किंवा धार्मिक अडचण होती त्यांचे अर्ज घेतले गेले. २८५ जणांना सूट मिळाली. गरोदरपणा वगैरे कारणांनी आणखी ३३२ जणांची मुदत पुढे ढकलली गेली.

मुदत संपली तेव्हा १७८ कर्मचारी उरले. त्यांना दोन आठवडे बिनपगारी घरी बसवले. त्यांपैकी २५ जणांनी लस पुरी केली. उरलेल्या १५३ जणांनी राजीनामे दिले किंवा त्यांना काढून टाकण्यात आले. २६ हजारांत १५३ हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण साथीच्या पहिल्या वर्षात, लस नव्हती तेव्हा, रुग्णांची सेवा केलेल्या परिचारिकाही त्यांत होत्या. ज्याच्या घरची चूल विझते त्याच्या हिशोबात टक्केवारी नसते.

कोर्टाने काय म्हटले

११७ कर्मचारी कोर्टात गेले. लशीला अजून पक्की मान्यता नाही, फक्त तातडीच्या वापराची परवानगी आहे, तेव्हा आमच्यावर प्रयोग चालला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फेडरल न्यायाधीश लिन ह्यूज यांनी १२ जून २०२१ रोजी दावा फेटाळला. मालकाने गुन्हा करायला सांगितले आणि नोकराने नकार दिला, तर टेक्सासचा कायदा नोकराला वाचवतो. लस घेणे हा गुन्हा नाही. अट पसंत नसेल तर नोकराला दुसरीकडे काम पाहण्याची मोकळीक आहे. असा त्या निकालाचा सारांश होता. वरच्या कोर्टाने २०२२ मध्ये तो कायम ठेवला. दरम्यान, फायझर कंपनीच्या लशीला २३ ऑगस्ट २०२१ रोजी पक्की मान्यताही मिळाली.

गरीब वस्तीतले दवाखाने

बड्या इस्पितळाला १५३ माणसे गमावणे परवडते. लहान संस्थेचे काय? अमेरिकेत गरीब वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत सामुदायिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांची सुरुवात १९६५ साली बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत झाली. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अशा केंद्रांच्या कार्यकारी मंडळात निम्म्याहून जास्त सभासद तिथलेच रुग्ण असावे लागतात. गिऱ्हाईकच कारभारी, असा हा मामला आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला. वृद्धांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लस दिलीच पाहिजे, असा तो नियम होता. तो सुमारे ७६ हजार संस्थांना आणि एक कोटीच्या आसपास कर्मचाऱ्यांना लागू होता. ही सामुदायिक केंद्रेही त्यात आली. त्यांच्यापुढे दोन्हीकडून अडचण होती. नियम पाळावा तर दूरच्या गावात हातावर मोजण्याइतक्या परिचारिका, त्यांतली एक गेली तर दवाखान्याची खिडकी बंद. न पाळावा तर सरकारी पैसा बंद, आणि तपासायला येणारी म्हातारी माणसे कर्मचाऱ्याकडूनच आजार घरी नेण्याची भीती.

१३ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. आरोग्य संस्थांचा नियम ५ विरुद्ध ४ मतांनी चालू ठेवला. शंभर किंवा अधिक नोकर असलेल्या सगळ्या धंद्यांना लागू होणारा दुसरा नियम मात्र ६ विरुद्ध ३ मतांनी रोखला. त्यात लस न घेणाऱ्याला दर आठवड्याला तपासणी आणि तोंडावर मास्क असा पर्याय होता, तरीही तो रोखला. न्यायालयाने कामाचा प्रकार पाहिला. रुग्णाला आजार न देणे हा दवाखान्याच्या धंद्याचाच भाग आहे. कापडाच्या किंवा लोखंडाच्या दुकानाचे तसे नाही.

धर्माचे कारण

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे मालकाने नोकराची धार्मिक अडचण ऐकून घेतली पाहिजे आणि जमेल तशी सोय केली पाहिजे. कपडे विकणाऱ्या एका बड्या कंपनीने डोक्यावर ओढणी घेणाऱ्या मुस्लिम मुलीला नोकरी नाकारली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, तो याच कायद्याखाली. २९ जून २०२३ रोजी त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की थोडा खर्च वाढतो एवढ्यावर मालकाला सोय नाकारता येणार नाही, धंद्याला खरोखर मोठा बोजा पडत असला पाहिजे. लशीच्या बाबतीतही म्हणूनच सूट मागणाऱ्यांचे अर्ज ऐकावे लागले.

आपल्या देशात

आपल्याकडे हा सवाल थेट व्यापाऱ्यांवरच आला. २०२१ साली मेघालयात काही जिल्हाधिकाऱ्यांनी हुकूम काढला की दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीवाले यांनी लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करू नये. २३ जून २०२१ रोजी मेघालय उच्च न्यायालयाने सांगितले की जबरदस्तीने लस देणे आणि त्यासाठी रोजगार हिरावणे घटनेत बसत नाही. पण गिऱ्हाईकालाही कळले पाहिजे, म्हणून सर्व कर्मचाऱ्यांनी लस घेतलेली असेल तर दुकानावर ठळक पाटी लावावी, असा मार्ग काढला. ग्राहकाला माहिती आणि दुकानदाराला रोजी, दोन्ही राखले.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचे दार लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या सामान्य प्रवाशांसाठी उघडले. डोस अपुरे राहिलेल्या कारीगराला कामावर पोहोचणेच मुश्कील झाले. अशा निर्बंधांविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात महाराष्ट्र सरकारनेही बाजू मांडली. २ मे २०२२ रोजी निकाल आला. कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. लोकांच्या आरोग्यासाठी सरकार अटी घालू शकते, पण त्या गरजेपुरत्याच असाव्यात. लस न घेतलेल्याकडून इतरांपेक्षा जास्त संसर्ग होतो, असा आधार सरकारांनी पुढे ठेवला नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर असे निर्बंध मागे घ्यावेत, असे न्यायालयाने सुचवले. खासगी संस्थांनीही आपले नियम तपासून पाहावेत, असे सांगितले. त्याच निकालात सरकारचे लसीकरण धोरण मात्र योग्य ठरवले.

आपण काय घ्यावे

अमेरिकेतही वारे फिरले. आरोग्य संस्थांचा तो केंद्रीय नियम २०२३ मध्ये मागे घेतला गेला. ज्या टेक्सासमध्ये ह्यूस्टनचा खटला झाला, तिथेच खासगी मालकांना कोरोना लशीची सक्ती करण्यास मनाई करणारा कायदा झाला. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू आहे आणि मोडल्यास ५० हजार डॉलर दंड आहे. म्हणजे १५३ जणांना जो नियम बाहेर घालवून गेला, तोच नियम तीन वर्षांच्या आत बेकायदा ठरला. गेलेली नोकरी मात्र त्याने परत येत नाही.

म्हणून व्यापारी बांधवांनी चार गोष्टी गाठीला बांधाव्यात. अट कामाच्या गरजेतून आलेली असावी, मालकाच्या भीतीतून नव्हे. ती आधी मालकाने आणि त्याच्या मुलाबाळांनी पाळावी. नोकराला पुरेशी मुदत द्यावी, लस घ्यायला पगारी सुट्टी द्यावी आणि त्याची अडचण एकट्यात बसवून ऐकावी. लस न घेणाऱ्याला काढण्याआधी त्याला गिऱ्हाईकापासून दूर, गोदामात किंवा मागच्या खोलीत काम देता येते का ते पाहावे. आणि गरज संपली की अटही संपवावी.

नोकरांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. रुग्णाच्या खाटेजवळ काम करणाऱ्याची जबाबदारी दुकानात काम करणाऱ्यापेक्षा मोठी आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, त्याने लशीबद्दल शंका असेल तर ती गल्लीतल्या अफवेवर न सोडता डॉक्टरकडे जाऊन दूर करावी. नव्या साथी येतील, तेव्हा हा सवाल पुन्हा आपल्या दारात उभा राहील. त्या वेळी जवाब घाईत शोधण्यापेक्षा आजच मालक आणि कारीगर यांनी एकत्र बसून बोललेले बरे.