आफ्रिकेवर हौसेने लिहिणाऱ्यांसाठी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

फरीदाबादला राहणाऱ्याला फेब्रुवारीत सूरजकुंडचा हस्तकला मेळा चुकवता येत नाही. आपण टाळला तरी घरी आलेले पाहुणे ओढून नेतात. १९८७ पासून भरणाऱ्या या मेळ्यात २०२४ साली टांझानिया भागीदार देश होता. त्यानंतर ओळखीच्या मराठी मंडळींपैकी काहींना आफ्रिकेवर लिहायची हौस लागली. कुणी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख दिला, कुणी मराठी विकिपीडियावर नोंद करायला घेतली. यात मानधन नसतं आणि सक्तीही नसते. अशा हौसेला मी कधी नावं ठेवणार नाही, कारण मराठीतलं कितीतरी चांगलं काम हौसेनेच झालंय. पण असे लेख नजरेखालून घालताना ठरावीक चुका समोर येतात, आणि त्यांच्या मुळाशी ठरावीक गैरसमज असतात.

गैरसमज: “आफ्रिकन संस्कृती” या एका विषयावर लेख लिहिता येतो.

येत नाही. संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश या एका खंडात आहेत आणि भाषांची संख्या दोन हजारांच्या आसपास जाते. “आफ्रिकन लोक उत्सवप्रिय असतात” या वाक्यातून कैरोच्या आणि केपटाउनच्या माणसाबद्दल एकदमच काहीतरी सांगितल्याचा आव आणला जातो आणि हाती काहीच लागत नाही. विषय लहान घ्या. एक माणूस, एक गाव, एक कला, फार तर एक पदार्थ.

टांझानियाचंच उदाहरण घेऊ. दक्षिण टांझानिया आणि उत्तर मोझांबिकमधले मकोंडे कारागीर म्पिंगो नावाच्या लाकडात कोरीव काम करतात. म्पिंगो आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड. बाहेरचा थर फिकट आणि गाभा जवळजवळ काळा, इतका घट्ट की पाण्यात टाकला तर बुडतो. क्लॅरिनेटसारखी वाद्यंही याच लाकडाची होतात. मकोंडे कारागीर एकाच ओंडक्यातून एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, हातापायांनी गुंतलेली कुटुंबंच्या कुटुंबं काढतो. एवढं नेमकं लिहिलं तर वाचक पुढच्या वेळी अशी मूर्ती हातात घेऊन तिचं वजन पाहील. “आफ्रिकन काष्ठशिल्प अप्रतिम असते” असं वाचून तो पान उलटतो.

गैरसमज: तिथलं जे दिसतं ते सगळं प्राचीन आणि आदिम आहे.

हा सर्वात चिवट. टिंगाटिंगा चित्रं पाहा: ठिपक्यांचे बिबटे, लांब मानेचे पक्षी, भडक पार्श्वभूमी. लोक बेधडक “हजारो वर्षांची परंपरा” असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही शैली एडवर्ड सैद टिंगाटिंगा या एका माणसाच्या नावाची. त्याने १९६८ च्या सुमारास दार-एस-सलाममध्ये हार्डबोर्डच्या चौकोनी तुकड्यांवर, सायकलींना लावतात त्या चकचकीत एनॅमल रंगाने चित्रं काढायला सुरुवात केली. १९७२ मध्ये पोलिसांनी भलताच माणूस समजून झाडलेल्या गोळीने तो गेला. तेव्हा त्याची चाळिशीच होती. नातेवाईक आणि शिष्यांनी शैली पुढे चालवली. म्हणजे ही परंपरा आपल्या हरित क्रांतीच्या वयाची आहे. त्याने तिची किंमत कमी होत नाही. उलट, कारखान्याच्या रंगाच्या डब्यातून एका देशाची ओळख कशी तयार होते, हा “हजारो वर्षां”पेक्षा कितीतरी रंजक लेख होईल.

कापडाचंही तसंच. “अस्सल आफ्रिकन” म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते मेणछपाईचं ठळक नक्षीचं कापड मुळात जावा बेटावरच्या बाटिकची युरोपीय, मुख्यतः डच, यंत्रनक्कल होतं. एकोणिसाव्या शतकात ते पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात आलं आणि तिथल्या बायकांनी त्याला आपलंसं केलं. नक्ष्यांना नावं दिली, कुठली कधी नेसायची याचे संकेत ठरवले. टोगोची राजधानी लोमे इथल्या काही व्यापारी बायका या कापडावर इतक्या श्रीमंत झाल्या की त्यांच्या मर्सिडीझ गाड्यांमुळे लोक त्यांना “नाना बेन्झ” म्हणू लागले. एवढी खमकी पात्रं समोर असताना “आदिम रंगसंगती”वर परिच्छेद का खर्च करायचा?

गैरसमज: तिथे सगळं मौखिक आहे, लेखन नाही.

इथे फार वेळ घालवायला नको. इथिओपियाची गीझ लिपी शतकानुशतकं वापरात आहे, मालीतल्या टिंबक्टूची हस्तलिखितं प्रसिद्ध आहेत, आणि एन्को ही लिपी सुलेमान कांते यांनी १९४९ मध्ये घडवली. २०२१ चं साहित्याचं नोबेल मिळवणारे अब्दुलरझाक गुर्ना झांझिबारचे.

गैरसमज: मराठी माणसाचा या विषयाशी संबंध काय?

इथे मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगरचा किंवा नाशिकचा निघतो.

ज्या फरीदाबादेत मी हे लिहितोय ते शहर जहांगीर बादशहाचा अधिकारी शेख फरीद याने १६०७ मध्ये वसवलं असं मानतात. त्याच जहांगीरची झोप ज्याने उडवली तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. पुढे तिचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. या शहराला त्याने दिलेली नहर हा आजही अभ्यासाचा विषय आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना त्याने हरवलं तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. जहांगीरने सूड या लढाईआधीच उगवून ठेवला होता. कुठे? चित्रात! अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेल्या चित्रात भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडतोय. ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. असं प्रत्यक्षात कधी घडलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने गेला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

दुसरी गोष्ट नाशिकची. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशन वसाहतीत आफ्रिकन मुलं शिकत होती? गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली ही मुलं मुंबईमार्गे नाशिकला आणली गेली आणि तिथे त्यांना इंग्रजी आणि हातकाम शिकवलं गेलं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा वेनराइटसह बरोबरच्या लोकांनी त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. त्या वेळची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि खोडावर मजकूरही त्यानेच कोरला. मग लिव्हिंग्स्टनचे सेवक सुसी, चुमा आणि साथीदारांनी देह दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाहून टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली. त्याच्यासारखे “बॉम्बे आफ्रिकन” पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनमध्ये वसले. त्या वसाहतीला नाव दिलं गेलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं.

याशिवाय कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कोकणी बोलणारे आफ्रिकी वंशाचे सिद्दी आहेत. गुजरातेतल्या जांबूरच्या सिद्दी समाजातल्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, आणि मॉरिशस आफ्रिकी संघाचा सदस्य आहे हे आपण सोयीस्कर विसरतो. एवढं सामान घरात असताना विषय परका कसा?

गैरसमज: गौरवाचा लेख म्हणजे सगळं गोड लिहायचं.

उलटा परिणाम होतो. मलिक अंबरला “गनिमी काव्याचा जनक” ठरवणारे लेख दर वर्षी येतात. त्याने मराठा बारगिरांना हाताशी धरून ते युद्धतंत्र फार प्रभावीपणे वापरलं, हे खरं. जनक वगैरे म्हणायला पुरावा लागतो. त्याच्या गुलामगिरीबद्दल गप्प बसणं हेही तितकंच चूक. जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे यांचं वैर झाकायचीही गरज नाही. माणूस जसा होता तसा उभा केला की त्याचा मोठेपणा आपोआप दिसतो, विशेषणं खर्चावी लागत नाहीत.

आणि वाईट बोललं गेलंय तेही नोंदवावं. मार्च २०१७ मध्ये फरीदाबादपासून फार दूर नसलेल्या ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर चक्क नरभक्षक असल्याचा आळ घेतला गेला, आणि पुढे जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. शिकलेल्या वस्तीत, एकविसाव्या शतकात. आपल्या लेखातलं “रानटी”, “जंगली” अशा थाटाचं एखादं सैल विशेषण कुठल्या विहिरीला पाणी पुरवतं, हे यावरून कळावं.

गैरसमज: फुकट लिहितोय, मग पुरावा कोण विचारतो?

वाचक विचारतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चाललाय, आणि तिथेही नियम साधे आहेत: विधानाला छापील किंवा विश्वासार्ह संदर्भ हवा, स्वतःचं मत नको, दुसऱ्याचा मजकूर उचलायचा नाही, छायाचित्र मुक्त परवान्याचं हवं. स्मरणिकेलाही हेच लागू करा. इंग्रजी लेख यंत्राला देऊन आलेला मजकूर तसाच चिकटवू नका. नावांचे उच्चार बिघडतात आणि वाक्यांना मराठी वळण राहत नाही.

तज्ज्ञच असायला हवं किंवा आफ्रिकेला जाऊन यायला हवं, हाही गैरसमजच. दिल्ली आणि आसपासच्या रुग्णालयांत उपचारासाठी आफ्रिकेतून माणसं येतात, त्यांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे राहतात. विद्यार्थीही आहेत. त्यांच्याशी बोला. मात्र आधी विचारा, नाव छापायला आणि फोटो काढायला परवानगी घ्या, आणि रस्त्यात गाठून “सेल्फी?” म्हणू नका.

नाशिकच्या कुणी वाचकाने शरणपूरच्या त्या मुलांवर लिहायला घ्यावं, अशी विनंती आहे. लेख लहान असला तरी चालेल, पण प्रत्येक नाव आणि साल कुठून मिळालं ते सोबत लिहून पाठवा.