जुन्या संगणकाचा वेग आणि वैशाखाचे ऊन

संगणक जुना होऊन मंद चालू लागला, की प्रोसेसरचा वेग वाढवा, असा सल्ला तरुण मंडळी हमखास देतात. या युक्तीला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. युक्ती खोटी नाही. परंतु गडचिरोली-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तिचा हिशेब निराळा होतो. तोच येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रोसेसर ठोक्यांवर काम करतो. २००७ साली आलेला इंटेलचा क्यू ६६०० घ्या. मदरबोर्डचा मूळ ठोका सेकंदाला २६.६ कोटी, प्रोसेसर त्याला नवाने गुणतो, म्हणून त्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ. मूळ ठोका ३३.३ कोटींवर नेला, की तोच वेग ३ गिगाहर्ट्झ होतो. काम सव्वापट आणि जादा दाम काही नाही! कारखान्यातला कामगार हे ऐकताच सावध होईल. यंत्राची गती वाढली, की तिचा भार कुणीतरी सोसतोच.

येथे तो विजेच्या रूपाने पडतो. ठोक्यांच्या प्रमाणात वीज वाढते. शिवाय वाढीव वेग टिकावा म्हणून व्होल्ट चढवावे लागतात, आणि वीज व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्ट एक दशांशाने चढवले, तर १.२५ गुणिले १.२१, म्हणजे वीज दीडपट. शंभर वॉटचे दीडशे. ही सारी वीज शेवटी उष्णताच होते.

पंखा उष्णता दूर नेतो, थंडी निर्माण करीत नाही. खोलीतल्या हवेहून प्रोसेसर थंड करणे त्याच्या हाती नसते. समजा, दर शंभर वॉटला प्रोसेसर हवेपेक्षा ३० अंश अधिक तापतो. २५ अंशांच्या खोलीत तो ५५ अंशांवर राहील, वाढीव वेगाने ७० वर. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर गेली, तर साध्या वेगानेच ७२ आणि वाढीव वेगाने ८७! निर्मात्याने राखून ठेवलेली सवलत आपला उन्हाळाच खातो. फार तापल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि कमावलेले हातचे जाते.

मग करावे काय? पेटीतली धूळ झाडावी. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी, पातळ लावावी. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे शीतमनोरे बाष्पीभवनाने पाणी थंड करतात. आपला वाळ्याचा कूलर त्याच न्यायाने हवा थंड करतो. खोली जितकी उतरेल तितका प्रोसेसरही उतरतो. मात्र पाण्याचे तुषार यंत्रावर येऊ देऊ नयेत. अर्ज भरणे, सातबारा काढणे ही कामे बहुधा जुन्या हार्ड डिस्कमुळे अडतात. तिच्या जागी एसएसडी बसवावी. हौसच असेल, तर हिवाळ्यात, व्होल्ट न चढवता, तापमान पाहत पाहत वेग वाढवावा.

तेंदूपत्ता तोडणारे आपले मजूर पहाटे रानात जातात आणि ऊन चढण्याआधी परततात. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. यंत्राकडून काम घेतानाही ऋतू पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.